तिसऱ्या भागातले कंदील

रूथने नातीला एकदम उचलून कडेवर घेतलं आणि ती अंधारातच उठून उभी राहिली, तेव्हा पडद्यावर नुसते कंदील होते. संवाद नव्हता, संगीतही थांबलेलं. डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लावलेले कागदी कंदील एकामागून एक पेटत होते आणि चिमुकली कियो टपालाची पिशवी खांद्याला अडकवून वर चढत होती.

विनीताला वाटलं, टिलीला शू लागली असेल. तिने गुडघे आखडून वाट करून दिली, पॉपकॉर्नची बादली छातीशी धरली आणि कुजबुजली, “टॉयलेट्स डावीकडे आहेत.”

रूथने तिच्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पार उतरलेला दिसत होता. ती भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली. दार उघडलं, बाहेरच्या दुपारचा एक पट्टा कार्पेटवर पडला आणि मिटला. चौथा भाग संपून टाळ्या झाल्या तरी ती परत आली नाही.

विनीता मात्र खुशीत होती, आणि का नसावी? ‘टेकडीवरचं टपाल’ ही जपानी कार्टून मालिका तिच्या ऑफिसने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी घेतली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. टोकियोहून भाग यायचे ते अर्धे कच्चे. आधी पेन्सिलच्या रेघांचे, डोळे-तोंड तेवढं हलणारे. त्या रेघांवरच इंग्रजी आवाज भरायचे आणि ते काम रूथचं. अडुसष्टाव्या वर्षीही ती कोवळ्या नटांकडून एकेक वाक्य पंधरा-पंधरा वेळा म्हणवून घ्यायची. मग महिन्याभराने रंग भरलेला, मागची घरं, झाडं, आभाळ रंगवलेला पक्का भाग यायचा आणि तो विनीताच्या टेबलावर यायचा. प्रदर्शनाआधी शेवटची नजर तिची. सबटायटल वेळेवर उमटतं का, कुठे रक्त फार दिसतं का, कुणी सिगारेट ओढतंय का, लहान मुलांच्या वेळेला चालणार नाही असं काही आहे का. ऑफिसात तिला गमतीने ‘कस्टम्स’ म्हणत, कारण तिच्या हातून काही सुटत नाही अशी तिची ख्याती होती. एकदा तिने बाराव्या सेकंदाला उलटा धरलेला चहाचा कप पकडून टोकियोच्या लोकांना तोंडात बोट घालायला लावलं होतं. आज भाड्याने घेतलेल्या थिएटरात दोनशे माणसांसमोर पहिले चार भाग दाखवले गेले. म्हणजे कौतुकाचा दिवस तिचाही होता.

बाहेर लॉबीत तिची तेरा वर्षांची अनुष्का खांबाला टेकून उभी होती. हातात फोन होता, पण ती फोनकडे बघत नव्हती.

“कसं वाटलं? रूथ आजी कुठे गेली बघितलंस का?”

“शी लेफ्ट. आई, शी वॉज क्राइंग.”

“रडत होती? का?”

अनुष्काने आईकडे असं पाहिलं, की जणू आई मुद्दाम वेड पांघरते आहे.

“द लँटर्न्स, आई.”

“काय झालं लँटर्न्सना?”

“दे हॅड स्वस्तिकाज ऑन देम. लाइक, हीप्स.”

“मग?” विनीता म्हणाली.

हा ‘मग’ तिच्या तोंडून सहज निघाला, इतका सहज, की पुढचे दोन-तीन क्षण ती उत्तराची वाटच बघत राहिली. आणि मग विनीताला रूथची आई आठवली. तिच्याबद्दल रूथने आठ वर्षांत एकूण तीनच वाक्यं सांगितली होती: ती पोलंडमधल्या लोड्झची ज्यू होती, सहा भावंडांतली एकटी उरली, आणि मेलबर्नला बोटीतून उतरली तेव्हा तिच्याकडे एक चमचा होता. तिने पॉपकॉर्नची बादली खांबापाशी खाली ठेवली आणि ती तिथेच विसरली.

तिने रूथला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो वाजून वाजून बंद झाला.

मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नला घरी पोचल्यावर तिने बूटही न काढता लॅपटॉप उघडला आणि तिसरा भाग लावला. मृतांच्या सणाचा भाग होता तो. वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी यावीत, त्यांना वाट दिसावी म्हणून गावकरी कंदील लावतात आणि कियोला तिची आजी भेटते. विनीताने तो भाग सहा वेळा पाहिला होता, डोळ्यांत तेल घालून. आता सातव्यांदा तिने तो एकेक चित्र थांबवत पाहिला. एक्केचाळीस कंदील होते आणि प्रत्येकावर काळ्या शाईने काढलेलं ते चिन्ह होतं, जपानी देवळांवर असतं तसं, आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या अंगाने वळलेलं. देवळाच्या दारावर आणखी एक होतं, हत्तीएवढं मोठं. कियोची आजी त्याच्याच खाली उभी राहून हसत होती.

हे आधी कुणी झाकून ठेवलं होतं का? तिला खरंच तसं वाटलं. क्षणभर तिने टोकियोवर संशय घेतला, की त्यांनी मागाहून चित्रं बदलली असतील. तिने फेब्रुवारीतली मूळ प्रत काढून पाहिली. तीच होती, एक्केचाळीस अधिक एक. उलटा कप दिसणाऱ्या बाईला हत्तीएवढं चिन्ह दिसलं नव्हतं.

त्या प्रतीसोबत टोकियोचा नेहमीचा फॉर्मही होता. ‘आपल्या देशासाठी चित्रात काही बदल हवे असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे, कंदील, पाट्या, कपडे, काहीही आम्ही नव्याने रंगवून देऊ.’ खाली विनीताचं उत्तर होतं, रूथसकट चौघांना पाठवलेलं. ‘नो चेंजेस. ब्यूटिफुल वर्क.’ कंदील हा शब्द त्यांनी स्वतः लिहिला होता. तो वाचूनही तिने हे लिहिलं होतं.

“तू अजून बुटातच?” सलिल आतून आला. अनुष्काने त्याला सगळं सांगितलं असावं. “अगं, एवढं काय घेऊन बसलीस? आपलं चिन्ह आहे ते. पाच हजार वर्षं. त्या नाझींनी चोरलं त्याला आपण काय करणार? इथल्या कायद्यातसुद्धा आपल्या स्वस्तिकाला सूट आहे.”

“मला कायदा माहीत आहे, सलिल.”

“मग झालं तर! तू का घाबरतेस?”

“घाबरत नाही मी. मला दिसलं नाही, एवढंच म्हणते आहे. मला ते दिसलंच नाही रे!”

“बरंच झालं ना,” सलिल म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. चार तासांपूर्वी तिलाही कळलं नसतं.

बूट काढायला ती दाराशी गेली आणि थांबली. दारावर दिवाळीत तिनेच कुंकवाने काढलेलं स्वस्तिक होतं, चारी बाजूंना चार ठिपके, खाली शुभ-लाभ. दर वर्षी नवं काढायची. रूथ या घरी किती वेळा आली होती? दिवाळीच्या फराळाला, अनुष्काच्या वाढदिवसाला, विनीताचं ऑपरेशन झालं तेव्हा सूप घेऊन. आणि प्रत्येक वेळी गॅरेजमधून. ‘पुढच्या पायरीने माझा गुडघा दुखतो’ म्हणायची. विनीता आधीच गॅरेजचं शटर वर करून ठेवायची, त्यात तिला आपुलकी दाखवल्याचं समाधानही मिळायचं. पुढच्या दाराला एक पायरी होती. गॅरेजमधून घरात यायला तीन होत्या.

विनीता तिथेच जमिनीवर बसली. लाज वाटली म्हणावं तर ती लाज नव्हती आणि दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. नुसता धक्का होता, जो ओसरायचं नाव घेत नव्हता.

रविवारी मराठी मंडळाच्या ग्रुपवर शैलेंद्रने, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीने, कुणीतरी थिएटरात काढलेला कंदिलांचा फोटो टाकला. ‘आपल्या विनीतावहिनींनी हा सीन कापू दिला नाही! प्राउड!’ खाली साठ हात जोडलेले. तिने काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी फोन पालथा घालून ठेवला.

सोमवारी ऑफिसात रूथची खुर्ची रिकामी होती. साहेबांनी, डेमियनने, विनीताला काचेच्या खोलीत बोलावलं. तो शनिवारपासून झोपला नसावा. दोन पालकांनी तक्रार केली होती, एका रेडिओवाल्याचा फोन येऊन गेला होता. टोकियोहून पहाटेच मेल आली होती. कंदील ज्या मुलीने रंगवले, तिने ते आपल्या गावच्या देवळावरून घेतले होते. त्या मुलीने स्वतः दीड पान माफी मागितली होती आणि गुरुवारपर्यंत एक्केचाळीस कोरे कंदील करून देते असं लिहिलं होतं. ते दीड पान विनीताने दोनदा वाचलं. आपल्या गावच्या देवळाची माफी मागत होती ती मुलगी.

“चित्रं बदलतीलच,” डेमियन म्हणाला. “पण आज पाचपर्यंत मला रेडिओला खुलाशाच्या दोन ओळी द्यायच्या आहेत. मी लिहिल्यात. बघ.”

कागदावर लिहिलं होतं, की हे एक प्राचीन, पवित्र चिन्ह असून कंपनीतल्या एका हिंदू सहकाऱ्याने सांस्कृतिक अंगाने काळजीपूर्वक विचार करून ते चित्रात राहू दिलं होतं. तरी कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद आहे.

“मी विचार करून राहू दिलं नाही, डेमियन.”

“आय नो, मेट.” तो हळू आवाजात म्हणाला. “पण विचार करून ठेवलं असेल तर तो मुद्दा आहे. नुसतं सुटलं असेल तर ती चूक आहे. आणि शेवटच्या नजरेचीच चूक असेल, तर ऑगस्टमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला वर पाठवताना मी काय सांगू? तू फक्त हो म्हण. कुणाला काही खोटं वाटणार नाही.”

तेच तर होतं. कुणाला काहीच खोटं वाटणार नव्हतं. सलिलला, शैलेंद्रला, रेडिओवाल्याला, सगळ्यांना ते पटणारच होतं. नोकरी राहील, मंडळात मान वाढेल. एकटी रूथ ते वाचेल आणि तिला कळेल, की आठ वर्षं शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणीने ते चिन्ह पाहिलं, विचार केला, आणि मग तिला नातीसकट त्याच्यासमोर नेऊन बसवलं.

“मला पाचपर्यंत वेळ दे,” ती म्हणाली, आणि कागद पर्समध्ये टाकून रूथच्या घरी, कॉल्फील्डला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसली.

रूथ मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. जुलैतलं, म्हणजे इथल्या हिवाळ्यातलं उन्ह होतं, नावापुरतं, पण वारा बरा सुटला होता आणि लोखंडी खांबावरचं दोऱ्यांचं चाक कुरकुरत हळूहळू फिरत होतं. विनीताला पाहून ती दचकली नाही. तिने चिमट्यांची टोपली पायाने पुढे सरकवली, एवढंच.

विनीता चिमटे देऊ लागली. बराच वेळ दोघी इंग्रजीत हवेबद्दल बोलल्या.

“आधी मला बोलू दे,” मग रूथच म्हणाली. “तुझा फोन घ्यायला हवा होता मी. टिलीला उगाच घाबरवलं आणि तुलाही. तुझी काही चूक नाही, विनीता. मी ते कंदील आधी पाहिले होते.”

विनीताच्या हातातला चिमटा तसाच राहिला. “कसे पाहिलेस? तुझ्याकडे तर पेन्सिलच्या रेघा होत्या.”

“कियोच्या आजीचं एक वाक्य परत घ्यावं लागलं होतं. तोवर रंगीत भाग आला होता. फेब्रुवारीत.” ती टिलीचा मोजा झटकत म्हणाली. “मी स्टुडिओतून बाहेर गेले. म्हटलं, विनीता बघेल, ती काढायला सांगेल. मग तुझी मेल आली. बदल नाहीत, सुंदर काम. मी ती तीनदा वाचली.”

“रूथ...”

“थांब. मला राग आला होता. खूप आला होता. मग वाटलं, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. हिने पाहिलं आहे आणि पाहून ठरवलं आहे. हिच्या आजीचं आहे ते, हिच्या दारावरचं आहे. माझ्या माणसांना मारणाऱ्यांनी ते पळवलं म्हणून हिने किती दिवस सोडून द्यायचं? मी परत आत गेले आणि ते वाक्य घेतलं. चांगलं झालं ते वाक्य.” ती थोडी हसली. “मला वाटलं होतं, मोठ्या पडद्यावरही बसून बघू शकेन. त्यासाठीच टिलीला आणलं होतं. तिने वेगळ्या डोळ्यांनी बघावं म्हणून. पण मांडीवर ती होती आणि ते सगळे एकदम पेटले, तेव्हा... नाही जमलं. पण तू ठरवलंस ते बरोबर होतं. मला तुझा अभिमानच वाटला, खरं सांगते.”

विनीताने पर्सकडे पाहिलं. आता तर खोटं बोलावंही लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. नोकरी राहणार होती, रूथ राहणार होती, आणि रूथने पाच महिने पोटात ठेवलेल्या गोष्टीला अर्थ राहणार होता. इतकी सोपी गोष्ट तिच्यासमोर आयुष्यात कधी आली नव्हती.

“मी ठरवलं नव्हतं,” ती म्हणाली. “मला दिसलंच नव्हतं.”

रूथ हसली. थट्टा वाटली असावी. मग तिने विनीताचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

“एवढे सगळे?”

“सहा वेळा पाहिला भाग. एकही दिसला नाही. अनुष्काने सांगितलं तेव्हा मी तिला ‘मग’ म्हटलं. माझ्या डोळ्यांना ते दाराच्या कडीसारखं आहे, रूथ. त्यात ठरवायचं काही असतं, हेच डोक्यात आलं नाही.”

चाक कुरकुरत अर्धं फिरलं. टिलीचा शाळेचा झगा दोघींच्या मधे आला आणि पुढे गेला.

“पाच महिने,” रूथ हळूच म्हणाली, “रोज तुझ्याशी भांडत होते मी मनात. कधी तू जिंकायचीस, कधी मी. आणि तू तिथे नव्हतीसच.”

विनीताने माफी मागावी तर कशाची? पाहून केलं असतं तर मागता आली असती. ती चिमटे देत राहिली, रूथ लावत राहिली. एक चिमटा दोघींच्या हातून निसटून गवतात पडला, तो कुणीच उचलला नाही.

“आणि आता?” रूथने विचारलं. “आता दिसतं?”

“आता दुसरं काही दिसतच नाही,” विनीता म्हणाली. “आज सकाळी देवापुढे कुंकवाने काढायला गेले. लहानपणापासून काढते. चार रेघा असतात नुसत्या. पहिली काढली आणि हात थांबला. मला टिलीचा चेहरा दिसला. मला पुढची रेघ काढता आली नाही, रूथ.”

रूथच्या हातातली ओली चादर अर्धी दोरीवरून घसरली. तिचा चेहरा थिएटरात उतरला होता, त्याहून आता जास्त उतरला.

“नको,” ती म्हणाली. “नको, विनीता. तुझ्याकडून तरी त्या मारणाऱ्यांना हे पळवता येऊ नये, एवढंच मला हवं होतं.”

पर्समधला फोन वाजू लागला. पाचला दहा कमी होते. विनीताने तो ओल्या हातानेच काढला, डोळे बाहीला पुसले.

“हो, डेमियन,” ती म्हणाली. “नाही. तसं लिहू नकोस. लिही, की आमच्याकडून पाहायचं राहिलं. हो, माझ्याकडून. माझं नाव घातलंस तरी चालेल.”

पलीकडून तो बराच वेळ काही सांगत होता. ती ऐकत होती, मधूनच हं म्हणत होती. रूथने खाली वाकून चादरीचं लोळणारं टोक उचललं, त्यावरची माती झटकली, आणि दुसरं टोक विनीताच्या मोकळ्या हाताकडे पुढे केलं.